झिरो बघा, काका!

वांगं घेताना आपण ते दाबून बघतो. तांदूळ मुठीत घेऊन त्याचा वास घेतो, दूधवाल्याला मापावर थोडं वरचं घालायला लावतो. पेट्रोल घेताना यातलं काहीच करता येत नाही. ते जमिनीखालच्या टाकीतून निघतं, काळ्या पाइपातून गाडीच्या अंधाऱ्या टाकीत जातं आणि आपल्या वाट्याला येतो तो यंत्रावरचा आकडा. महिन्याच्या खर्चातली एवढी मोठी रक्कम आपण न पाहिलेल्या वस्तूवर टाकतो. पंपावर माणसं जे जे करतात, म्हणजे गाडी हलवून बघणं, पाइप झटकायला लावणं, ठरावीक आकड्याचाच हट्ट धरणं, त्या सगळ्यामागे एकच प्रश्न असतो: मला पूर्ण मिळालं का?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सवयी’ हा विषय कळवला, तेव्हा या प्रश्नाचा माग काढायचं ठरवलं. पुणे-बंगळूर महामार्गावर कराडच्या अलीकडे ओळखीतल्या एकांचा पंप आहे. तिथे सकाळी, दुपारी, रात्री जाऊन उभा राहिलो. ठाण्याची गॅसची रांग पाहिली, कागल आणि बांद्याच्या सीमेवरही जाऊन आलो. पंपावरच्या माणसांनी सांभाळून घेतलं, गाडीवाल्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

शंभरचं टाक

सकाळी साडेसहाला कराडच्या पंपावर पहिली गर्दी दूधवाल्यांची. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, पाय खाली टेकवलेले, इंजिन बंद. ‘शंभरचं टाक.’ मागोमाग शाळेवर निघालेले गुरुजी. ‘दोनशेचं.’ मग एमआयडीसीच्या पहिल्या पाळीची पोरं. दोघांत एक गाडी, प्रत्येकी पन्नास. तासाभरात लिटरचा उल्लेख फक्त एका ट्रॅक्टरवाल्याने केला. त्याला कॅनमध्ये डिझेल हवं होतं आणि कॅनवर लिटरची रेघ होती.

आपण पेट्रोल रुपयांत घेतो, कारण खिसा रुपयांत मोजला जातो. पण यामुळे होतं असं, की भाव वाढला तरी माणूस शंभरचंच टाकतो आणि टाकीत पडणारं पेट्रोल गुपचूप कमी होत जातं. 29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून शंभराच्या नोटेत तिथे लिटरभरही येईना. तरी ‘शंभरचं’ ही मागणी हटली नाही. गाडी एक दिवस आधी रिझर्व्हला लागू लागली, एवढंच.

भाव रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत 16 जून 2017 पासून देशभर आली. त्याआधी महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला बदल व्हायचा. ‘रात्री बारापासून दोन रुपये वाढणार’ अशी बातमी टीव्हीवर आली, की जेवण अर्धवट टाकून माणसं पंपावर धावायची. दहा लिटरची टाकी, त्यात वाचणार वीस रुपये, आणि रांगेत जाणार एक तास. पंपमालकांना त्या रात्री आजही आठवतात. रोजच्या काही पैशांच्या बदलाने ती धावपळ संपली, आणि भाववाढीवर घराघरांत होणारी चर्चाही त्यासोबत विरळ झाली. पैशा-पैशाने वाढलेल्या भावावर चिडायचं तरी कुठल्या दिवशी?

एकशे दहाचं गणित

‘एकशे दहाचं टाका’, ‘दोनशे वीसचं’, ‘पाचशे पाच’. ही मागणी करणारा गाडीवाला तुम्हाला कुठल्याही पंपावर भेटेल. त्यांचं म्हणणं असं, की शंभर, दोनशे, पाचशे हे आकडे यंत्रात आधीच ‘सेट’ केलेले असतात, त्यात पेट्रोल कमी पडतं. वेगळा आकडा सांगितला की यंत्राची लबाडी चालत नाही.

यंत्राच्या पोटात काय आहे ते बघितलं की हा हिशेब कुठे चुकतो ते कळतं. आत एक मीटर असतं, त्यात पिस्टन. ठरावीक पेट्रोल आत आलं, की पिस्टन सरकतात आणि दांडा फिरतो. त्या दांड्याला पल्सर जोडलेला असतो. दांडा जेवढा फिरेल तेवढे विजेचे ठोके पल्सर पाठवतो, इलेक्ट्रॉनिक कार्ड ते मोजतं आणि त्यावरून लिटर आणि रुपये दाखवतं. आकडा शंभरचा असो वा एकशे दहाचा, मोजणारं मीटर तेच. कोणी त्यात खोट केली असेल, तर ती प्रत्येक लिटरमागे लागू पडते. तुम्ही एकशे दहा सांगून तिच्यातून सुटत नाही.

मग संशय येतो कुठून? मी यंत्रापाशी उभा राहून बघत होतो. शंभरचं बटण दाबलं, आकडे झपाट्याने पळाले, पंच्याण्णवच्या पुढे गेल्यावर एकदम मंदावले. शेवटचे दोन-तीन रुपये अगदी सावकाश सरकले. शेजारचे काका पुटपुटले, ‘बघा, आता हवा सोडतंय.’ प्रत्यक्षात ठरलेल्या आकड्यावर नेमकं थांबता यावं म्हणून यंत्राची झडप शेवटी अर्धी मिटते आणि धार बारीक होते. पण ज्याला पेट्रोल दिसत नाही, त्याला धारेचा आवाज बदललेला मात्र ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ तो आपल्या अनुभवाप्रमाणे लावतो.

तो अनुभव खोटा म्हणता येणार नाही. 2017 साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रातही यंत्रातल्या पल्सरमध्ये, कार्डमध्ये छेडछाड करून ग्राहकाला कमी इंधन देणारे पंप सापडले. लोकांनी ‘चिप’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि तो डोक्यात बसला तो बसलाच. शिवाय साधी, हातचलाखीची फसवणूकही असते. पाचशे सांगितलेले असताना दोनशेवर धार थांबते, ‘साहेब, चुकून दोनशे लागलं, वरचे तीनशे टाकतो,’ असं म्हणत कोणीतरी कार्ड मागतो, आपलं लक्ष पाकिटाकडे जातं आणि यंत्र शून्यावर न आणताच धार पुन्हा सुरू होते. मीटर तीनशेवर थांबतं, आपल्याला वाटतं पाचशेचं मिळालं. एका शहरातल्या पंपावर माझ्याबाबतही हे झालं आहे. पावतीचा आग्रह धरल्यावर उरलेलं पेट्रोल मिळालं.

या प्रकारात एकशे दहाचा आकडा कामाला येत नाही. डोळे कामाला येतात. आधी शून्य, मग धार, आणि धार थांबेपर्यंत नजर आकड्यावर. प्रामाणिक पंपावरची पोरं म्हणूनच प्रत्येक गाडीला ‘झिरो बघा’ म्हणतात. बहुतेक गाडीवाले तेव्हा मोबाइल बघत असतात.

पाच लिटरचं माप

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वस्तू पंपाच्या ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेली असते. पाच लिटरचं धातूचं माप, निमुळत्या गळ्याचं, गळ्याला पातळी दाखवणारी काच. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं. कोणत्याही ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर पाच लिटर काढून दाखवावे लागतात. त्यासाठी ओळख लागत नाही, अर्ज लागत नाही.

कराडला एका सकाळी निवृत्त झालेले एक गृहस्थ ते मागताना पाहिले. खिशात छोटी डायरी. तिच्यात दर वेळी टाकलेलं पेट्रोल, किलोमीटर आणि ॲव्हरेज लिहिलेलं, ‘टाकी टू टाकी’ हिशेबाने. महिनाभरात ॲव्हरेज चार किलोमीटरने उतरलं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘बाळा, माप आण जरा.’ मॅनेजर बाहेर आला. माप आधी पेट्रोलने भिजवून रिकामं केलं, कारण कोरड्या भांड्याच्या अंगाला थोडं पेट्रोल चिकटतं आणि मोजणी चुकते. मग सपाट जागी ठेवून पाच लिटर सोडले. फेस बसू दिला. काचेतली पातळी पाचच्या रेघेखाली किंचित, साधारण दहा मिलिलिटर. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला चालतो. त्याहून कमी पडलं, तर त्या नोझलची विक्री थांबवावी लागते.

पंचवीस मिलिलिटर म्हणजे किती? सोयीसाठी भाव शंभर रुपये लिटर धरला, तर शंभर रुपयांमागे पन्नास पैसे. एवढ्या मर्यादेत यंत्र असेल तर बाकी सगळ्या युक्त्या निरर्थक आहेत, आणि नसेल तर त्या युक्त्यांनी काही वाचत नाही. काकांनी काचेवर नाक टेकवून पातळी पाहिली, डायरीत नोंद केली आणि विचारलं, ‘मग ॲव्हरेज कशानं पडलं?’ मॅनेजरने वाकून मागचं चाक अंगठ्याने दाबलं. हवा निम्मी होती. पंपावर हवा फुकट मिळते, तिथेच भरून घेतली.

हे चालू असताना भोवती सात-आठ जण जमले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना असं माप मागता येतं हेच ठाऊक नव्हतं. मॅनेजर म्हणाला, ‘महिना महिना कोणी मागत नाही. एकशे दहा मात्र दिवसभर.’ माप मागणं हे भांडण उकरून काढण्यासारखं वाटतं, रांगेतले हॉर्न वाजवतात, आपण नडतोय असं लोकांना वाटेल अशी भीती असते. एकशे दहा सांगायला यातलं काहीच लागत नाही. माझी मात्र मनापासून इच्छा आहे, की हा लेख वाचणाऱ्याने आपल्या नेहमीच्या पंपावर एकदा तरी माप मागावं.

मापासारखाच दुसरा हक्क फिल्टर पेपरचा. नोझलचं टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि मागे काळपट डाग राहिला नाही, तर पेट्रोल शुद्ध. किंचित गुलाबी छटा राहिली तर ती पेट्रोलच्या रंगाची असते. भेसळीचा विषय आपल्या राज्यात हलक्यात घेता येत नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेलमाफियांना अडवायला गेलेल्या मालेगावच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना, यशवंत सोनवणे यांना, जिवंत जाळण्यात आलं. कागदावरचा तो थेंब बघताना त्यांची आठवण येते.

पहाटेचं पेट्रोल

पहाटे पेट्रोल दाट असतं, म्हणून तेव्हा भरावं, असं मानणारे पुष्कळ. यात विज्ञानाचा एक धागा खरा आहे. पेट्रोल एका अंशाने तापलं, की साधारण एक दशांश टक्का फुगतं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि दुपारचं ऊन तिथवर पोचत नाही. दिवसभरात आतलं तापमान एखाद-दुसऱ्या अंशाने हललं, तर शंभर रुपयांत दहा-वीस पैशांचा फरक. त्यासाठी कोणी दोन किलोमीटर वाट वाकडी करत असेल, तर तेवढ्यात जास्त पेट्रोल जळतं.

पहाटे पंपावर खरोखर बघण्यासारखं जे असतं, ते ग्राहकाला दिसत नाही. जमिनीतलं झाकण उघडून मॅनेजर लांब डिप रॉड टाकीत सोडतो. रॉडच्या टोकाला एक लेप लावलेला असतो. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागाचा रंग बदलतो. मग काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन त्यात हायड्रोमीटर तरंगवतात आणि घनता वहीत लिहितात. टँकर आला तेव्हाच्या घनतेशी ती जुळवून बघायची, घनमीटरला तीन किलोच्या पलीकडे फरक नको. हीच डेन्सिटी यंत्रावर दाखवलेली असते. तिच्याकडे बघणारा गाडीवाला क्वचित.

दर उन्हाळ्यात एक संदेश फिरतो, की टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल. इंडियन ऑइलने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, तरी दर मार्चमध्ये तो परत येतो. गाडी बनवणाऱ्यांनी उन्हात फुगणाऱ्या इंधनासाठी टाकीत जागा ठेवलेलीच असते.

नुकसान होतं ते वेगळ्या सवयीने. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल त्या भोकापर्यंत चढलं, की आतला हवेचा प्रवाह तुटतो आणि खटका पडून धार थांबते. इथे थांबायचं असतं. पण आपल्याकडे कट झाल्यावरच खरी भराई सुरू होते. ‘अजून घे, अजून घे, गळ्यापर्यंत.’ गाडी डावी-उजवीकडे हलवायची, बुडबुडे काढायचे, पुन्हा घ्यायचं. आकडा पूर्ण रुपयावर आणायचा हट्ट तर पंपावरच्या मुलांचाही असतो, सुटे द्यावे लागत नाहीत. आजच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषून घेणारी कोळशाची डबी असते. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल तिच्यात शिरलं, तर ती निकामी होते.

आणि तो पाइप. भरून झाल्यावर पाइप उचलून त्यातलं ‘आपलं’ पेट्रोल टाकीत ओतायला लावणारे बरेच दिसले. पाइप नेहमी भरलेलाच असतो. आपल्या आधीच्या गाडीच्या वेळी भरलेला, आपल्यानंतरच्या गाडीसाठी तसाच राहणारा. नोझलच्या तोंडाशी अडकलेले चार थेंब तेवढे आपले. ते मिळवण्यासाठी दोन्ही हातांनी पाइप उंच धरलेला एक म्हातारा शेतकरी पाहिला. पंपावरच्या मुलाने घाई न करता तो नीट झटकू दिला.

रिझर्व्हवर जगणारे

टाकीत कायम थोडंच ठेवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांतल्या पन्नाशीपुढच्यांना ही सवय चेतक, लूना, राजदूतच्या काळात लागली. पेट्रोलसोबत मापट्याने टूटी ऑइल घालायचं, नॉब ‘रिझर्व्ह’वर वळवला की अजून किती किलोमीटर जाता येईल हे गाडी ज्याच्या-त्याच्या कानात सांगायची. तेही संपलं की स्कूटर एका अंगावर आडवी करायची, कोपऱ्यातलं पेट्रोल कार्बोरेटरकडे यायचं आणि पंप गाठायचा. अख्ख्या पिढीने भर रस्त्यात स्कूटर आडवी केली आहे.

आता नॉब गेला, काटा किंवा दिवे आले, आणि काट्याशी खेळ सुरू झाला. ‘दिवा लागल्यावर माझी तीस जाते’, असं सांगणाऱ्या एका तरुणाच्या आवाजात अभिमान होता. अडचण अशी, की इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोल ढकलणारी विजेची मोटर टाकीतच बुडालेली असते आणि ते पेट्रोलच तिला थंड ठेवतं. सतत तळ गाठणाऱ्या गाडीत ती मोटर लवकर जाते. पण शंभरचंच टाकणाऱ्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते. टाकी निम्मी ठेवायला हाताशी तेवढे पैसे एकदम असावे लागतात. रोजच्या कमाईतून रोजचं पेट्रोल टाकणाऱ्याकडे ते नसतात.

टाकी फुल्ल होते ती दसऱ्याला, पाडव्याला. शोरूममधून निघालेली नवी गाडी हळदकुंकू, हार लेऊन थेट पंपावर येते. शोरूमवाले जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढंच पेट्रोल घालतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी कोणी एकशे दहा म्हणत नाही. पाचशे एक, हजार एक. पंपावरच्या मुलांना पेढा मिळतो.

गॅसची रांग

सीएनजीच्या रांगेत मात्र सवयींना चैनीची जागा नाही. ठाण्यात रात्री साडेअकराला एका पंपाबाहेर रिक्षांची ओळ कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत गेली होती. इंजिनं बंद. पुढची रिक्षा सरकली, की चालक उतरून आपली रिक्षा हाताने ढकलतो. चालू करून दोन मीटर नेण्याएवढा गॅसही कोणी जाळत नाही. काही जण मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेले. पुढची रिक्षा हलली, की मागचा टपावर थाप मारून उठवतो.

जावळी तालुक्यातून पंचवीस वर्षांपूर्वी आलेल्या एका चालकाने सगळं समजावून सांगितलं. ‘रांगेत दीड तास गेला म्हणजे तीन भाडी गेली. आणि पुढं पोचल्यावर प्रेशर नसलं तर?’ प्रेशर हा या रांगेतला सर्वांत मोठा शब्द. टाकीत गॅस 200 बार दाबापर्यंत भरतात. पंपावरचा दाब तेवढा असेल तर रिक्षात साधारण चार किलो बसतो. पण लागोपाठ गाड्या भरल्या, की पंपाच्या साठ्यातला दाब उतरतो आणि कॉम्प्रेसरला तो तेवढ्या वेगाने चढवता येत नाही. मग चारऐवजी तीन किलोच बसतो. चालकाला लवकर परत यावं लागतं, त्याने रांग वाढते, आणि दाब आणखी उतरतो.

म्हणून कुठला पंप थेट पाइपलाइनवर आहे आणि कुठल्या पंपावर गॅस ट्रकने येतो, ट्रक कधी येतो, हे चालकांना तोंडपाठ असतं. सावकाश भरलं तर जास्त बसतं, असंही ते मानतात, आणि ते बरोबर आहे. गॅस वेगाने दाबला की तापतो, आणि तापलेला गॅस कमी असतानाच 200 बारचा आकडा गाठतो. रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर, हवा गार झाल्यावर येणाऱ्या चालकाचा हिशेब पक्का आहे. हे ज्ञान त्यांना कोणी शिकवलेलं नाही. रोज भरलेल्या किलोंवरून आणि त्यावर झालेल्या भाड्यांवरून ते त्यांनी काढलं आहे.

पाळीने चालणाऱ्या रिक्षात दिवसवाल्याने गॅस भरूनच रात्रवाल्याच्या हाती गाडी द्यायची, हा अलिखित नियम. त्यामुळे दुपारी चार-साडेचारला ‘गॅस भरायचाय’ म्हणून भाडं नाकारलं जातं, तेव्हा प्रवाशाला ते निमित्त वाटतं. बहुतेक वेळा ते खरं असतं. प्रवासी बसलेला असताना पंपावर गेलंच, तर त्याला उतरवून बाजूला उभं करतात. प्रचंड दाबाची टाकी भरताना गाडीत कोणी बसू नये, हा नियम आहे आणि तो काटेकोर पाळायलाच हवा. पावसात उतरावं लागलं तरी कुरकुर करू नये.

सीमेपलीकडची टाकी

कागलचा माणूस निपाणीला कशाला जातो, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘काम होतं, आणि टाकी भरून आलो.’ पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. प्रत्येक राज्य आपला कर लावतं, म्हणून हद्द ओलांडली की भाव बदलतो. महाराष्ट्राचा कर जास्त, त्यामुळे आपल्या बाजूचे सीमेवरचे पंप ओस आणि पलीकडच्यांपुढे एमएच पाटीच्या गाड्या. बांद्याहून गोव्यात पत्रादेवीला जाणाऱ्यांचं तेच. मनोहर पर्रीकरांनी 2012 मध्ये व्हॅट जवळपास शून्यावर आणून गोव्यात पेट्रोल लिटरला अकरा रुपयांनी स्वस्त केलं, तेव्हापासून सिंधुदुर्गात ‘गोव्यातून टाकी भरून ये’ हे वाक्य घरोघरी रुळलं. पुढे तिथलाही कर वाढला, पण वाक्य राहिलं. ट्रकवाले तर मुक्कामच असा आखतात, की टाकी स्वस्त राज्यात भरली जाईल. चारशे लिटरच्या टाकीला लिटरमागे दोन रुपयेही आठशे होतात.

परभणीचं दुःख उलटं. जवळ हद्द नाही आणि डेपो दूर मनमाडला. वाहतुकीचा खर्च भावात मिळवला जातो, म्हणून राज्यात पेट्रोल महाग कुठे, या प्रश्नाला वर्षानुवर्षं परभणी हे उत्तर आहे.

मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या या डेपोवर आपण किती अवलंबून आहोत, ते 2 जानेवारी 2024 ला कळलं. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आली, तिच्याविरोधात टँकरचालकांनी काम थांबवलं. नाशिक, नागपूर, पुणे, सगळीकडे पंपांपुढे रांगा. ज्यांच्या टाक्या अर्ध्या भरलेल्या होत्या तेच सर्वांत पुढे होते. रोज शंभरचं टाकणारे त्या दिवशी कुठूनतरी पैसे आणून फुल्ल म्हणत होते. कराडच्या पंपावर प्रत्येकाला मर्यादा घालावी लागली. त्याच रात्री संप मिटला, पुढचे आठ-दहा दिवस विक्री मंदावली. लोकांच्या टाक्या भरलेल्या होत्या.

उसाचं पेट्रोल

गेल्या काही काळात संशयाला नवा विषय मिळाला आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्यांतले रबरी भाग, पाइप त्यासाठी बनवलेले नसतील, ही चिंताही रास्त आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. म्हणून पावसाळ्यात पंपावर त्या लेपाच्या रॉडची तपासणी फार जपून करावी लागते. आपणही गाडीच्या टाकीचं झाकण घट्ट बसतंय का ते बघावं, बाहेर पावसात महिनाभर गाडी उभी ठेवू नये.

कराडच्या पंपावर या विषयावर सर्वांत जास्त बोलणारे शेतकरी होते. ॲव्हरेजची तक्रारही त्यांची आणि कारखान्याला ऊस घालणारेही तेच. ‘आमचा ऊस जातोय त्यात, बिलं वेळेवर मिळाली तर बरंच आहे की,’ एक जण म्हणाले, ‘पण मग भाव का कमी करत नाहीत?’ मला या प्रश्नाचं पटेल असं उत्तर कुठे मिळालेलं नाही.

नोझल धरणारा हात

पंपावर आता मुलीही बऱ्याच दिसतात. कराडच्या सकाळच्या पाळीत पस्तिशीच्या एक ताई होत्या, आठ तास उभ्या. गाडी यायच्या आधी त्या माणूस ओळखतात. ‘नजर मीटरवर असेल तर जुना गाडीवाला. मोबाइलवर असेल तर नोकरीवाला. आमच्या हाताकडं बघतोय तो कधीतरी फसलेला असतोय.’

प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागणाऱ्याला त्या सरळ नाही म्हणतात, मग तो गाडी बंद पडल्याच्या शपथा घेवो. गाडीवर बसूनच भरून घेणाऱ्याला उतरवतात. मोबाइलची मनाई सांगणारी पाटी आणि पैशांसाठीचा क्यूआर कोड एकाच खांबावर आहेत, त्यावर त्यांचा साधा तोडगा: आधी भरणं, मग झाकण बंद, मग गाडी चार पावलं पुढे, मग फोन. वाफ नोझलपाशी असते, तिथे ठिणगीला वाव द्यायचा नाही.

पाळी संपली की नोझलचं रीडिंग आणि हातातली रोकड, ऑनलाइन आलेले पैसे जुळवायचे. कमी पडलं तर त्यांच्या पगारातून जातं. ‘झिरो बघा म्हणतो ते तुमच्यासाठी आणि आमच्यासाठीबी,’ त्या म्हणाल्या. ‘नंतर कोण म्हणालं पाचशेचं आलंच नाही, तर आम्ही काय दाखवणार? त्यांनी बघितलेलं असलं की वाद मिटला.’ त्यांना खरी भीती वाटते ती ‘पैसे गेलेत ताई’ म्हणून फोनवरचं फिरतं चक्र दाखवून निघून जाणाऱ्यांची. त्या आठवड्यात असे दोनशे तीस रुपये अडकले होते. आता स्पीकरवर रक्कम ऐकू आल्याशिवाय त्या मागच्या गाडीला पुढे घेत नाहीत, आणि रांगेतले हॉर्न वाजवतात.